जाशील तर अशी जा

अगं, सप्टेंबर २०२५ चा पूर पाहिल्यापासून तुझ्या मनात घोळतंय ते मला कळतंय. आपल्या जिल्ह्यात परंडा-भूममध्ये पाणी घुसलं, माणसं हेलिकॉप्टरनं बाहेर काढावी लागली आणि तुला वाटलं, आपण नुसतं मोबाईलवर बघत बसलो. पुढच्या वेळी जायचं म्हणतेस ना? जरूर जा. पण पुढची वेळ यायच्या आधीच कामाला लाग, एवढंच माझं सांगणं.

पाण्यातून माणूस काढायला तयारीचे जवान लागतात, तिथं तू मध्ये पडू नकोस. तुझं काम पाणी ओसरल्यावर सुरू होतं. विहिरीत गाळ, हातपंपाभोवती घाण, मग जुलाब आणि ताप. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात अख्खी घालायची, अर्धी-अर्धी नाही, आणि ते पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचं, एवढं जरी तू दहा घरांत नीट समजावलंस तरी लेकरं वाचतात. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडली का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं. साप चावला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका, १०८ ला फोन करा, हे ठणकावून सांगायचं. आणि म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या! त्या पुरात वाहून गेल्या, हे कुणी आपणहून सांगत नाही गं. विचारावं लागतं.

हे विचारायला ओळख लागते. गावात अवघडलेल्या बाया कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, हे आशाताईला तोंडपाठ असतं. म्हणून आधी तिच्याशी मैत्री कर. तिच्याबरोबर घरोघर फिर, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बस. बायकांना तुझा चेहरा माहीत झाला की अंगावरून जातंय, पाळी थांबलीय, हेही त्या तुझ्याजवळ बोलतील.

आपल्या जिल्ह्याला अशी संकटं नवीन नाहीत. ३० सप्टेंबर १९९३, भूकंपाची ती पहाट. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि दगड-मातीच्या जड भिंती अंगावर आल्या. किल्लारी लातूरचं, पण आपलं सास्तूरही उद्ध्वस्त झालं. बाहेरून मदत खूप आली. तरी घरं पुन्हा उभारताना सरकारचं म्हणणं बायकांपर्यंत आणि बायकांचं सरकारपर्यंत पोचवलं ते गावच्याच बायकांनी. संवाद सहायक म्हणायचे त्यांना. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोगानं हे काम उभं केलं, हजाराहून जास्त गावांत. पुढं २००१ मध्ये भूज हादरलं तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातला गेल्या. ज्यांचं घर पडलं होतं, त्याच दुसऱ्या घर पडलेल्या बाईजवळ जाऊन बसल्या. मला याचं फार मोल वाटतं.

आणि अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं कमी शिकलेल्या बायकांना शिकवून भारतवैद्य केलं. साधे आजार, प्रथमोपचार, गरोदरपण, सगळं गावातल्या गावात बघायच्या त्या. तू तर बारावी शिकलीस. अणदूरला एकदा जाऊन ये, मीही येते सोबत.

स्वतःलाही जप हं. एकटी जाऊ नकोस, आईला ठिकाण सांगून जा, गमबूट आणि स्वतःपुरतं पाणी जवळ ठेव. आपल्या जेवणाचा भार त्या घरांवर टाकायचा नाही. रडणाऱ्या बाईचा फोटो तर अजिबात काढायचा नाही, कुणी कितीही मागितला तरी. परत आल्यावर झोप लागणार नाही, डोळ्यांसमोर तेच येईल. तेव्हा कुढत बसू नकोस, रात्री कितीही वाजले असले तरी मला फोन कर.

सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ये. प्रथमोपचाराचं शिक्षण कुठं मिळेल ते डॉक्टरांना विचार आणि काय म्हणाले ते संध्याकाळी मला सांग.