चाचणीचा खर्च कुणाचा, अंकुश कुणाचा?

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची, राज्य पातळीवर धावते. उत्तेजक चाचणीचे पैसे आम्हाला भरावे लागतील का? सरकारच चाचणी करत असेल तर ते आपल्या खेळाडूंना सांभाळून घेत नाही का? (धडगाव, जि. नंदुरबार)

उत्तर : नमुना घेण्याचा खर्च तुमच्यावर येत नाही. हे काम राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था ‘नाडा’ करते आणि तिला पैसा केंद्र सरकार देते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’चा निम्मा निधी सरकारे देतात, निम्मा ऑलिंपिक चळवळ.

तुमची दुसरी शंका रास्त आहे. 2016 मध्ये महाराष्ट्र केसरी मल्ल नरसिंग यादवने, चाचणीत दोषी आढळल्यावर, खाण्यापिण्यात कुणीतरी घातपात केला, असे सांगितले आणि नाडाच्या समितीने त्याला निर्दोष ठरवले. वाडा याविरुद्ध आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. रिओ ऑलिंपिकमधल्या कुस्तीच्या तोंडावर त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. म्हणजे देशातला निकाल अंतिम नसतो, आणि हे मला खेळाडूंच्याच हिताचे वाटते. 2022 च्या उत्तेजकविरोधी कायद्याने नाडावर देखरेखीसाठी मंडळ नेमले, पण या सरकारी देखरेखीला वाडाने हरकत घेतली. अखेर 2025 मध्ये कायदा दुरुस्त करून नाडाची स्वायत्तता वाढवावी लागली.

मुलगी अल्पवयीन आहे, म्हणून चाचणीवेळी सोबत मोठे माणूस ठेवण्याचा तिला हक्क आहे, तो सोडू नका. चाचणी मात्र नाकारू नका. नकारालाही बंदीची शिक्षा आहे. आणि ताकदीची पावडर किंवा इंजेक्शन कुणीही, अगदी प्रशिक्षकाने दिले तरी, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ देऊ नका. शरीरात जे सापडते त्याचा जाब खेळाडूलाच द्यावा लागतो.