इद्दत संपल्यानंतर

पतीच्या निधनानंतर चार महिने दहा दिवस, आणि पत्नी गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंत इद्दत पाळायची, हे आपल्या घराघरांत ठाऊक असते. मात्र इद्दतीला शेवटही असतो, याचा आपल्याला विसर पडतो. साताऱ्यात, कऱ्हाडात, मिरजेत वा सांगलीत अशी एखादी बहीण आपण पाहिली असेल. पदरी लहान मुले, पती जाऊन वर्ष उलटलेले, तरी ती लग्नकार्याला जात नाही. ईदला शेजारी शिरखुर्मा पोचवायलाही संकोचते. लोक काय म्हणतील, हा तिच्या दारावरचा पहारा असतो. वाचकहो, हा पहारा शरीअतने बसविलेला नाही.

सूरह अल-बकराची २३४वी आयत इद्दतीची मुदत सांगते आणि ती पूर्ण झाल्यावर स्त्रीने स्वतःविषयी योग्य रीतीने जे ठरवावे, त्याचा दोष समाजावर नाही, असेही स्पष्ट करते. ह. सुबैआ (रजि.) पतीच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत प्रसूत झाल्या. त्या विवाहासाठी तयार दिसताच एका गृहस्थाने हरकत घेतली. त्या स्वतः प्रेषितांकडे (सल्ल.) गेल्या आणि इद्दत संपल्याचा निर्वाळा घेऊन परतल्या.

सहीह मुस्लिममधील दुसरी घटना अधिक विचार करायला लावते. ह. जाबिर (रजि.) यांच्या मावशीचा तलाक झाला होता. इद्दतीतच त्या आपल्या बागेतील खजूर उतरविण्यास निघाल्या, तेव्हा कोणीतरी त्यांना अडविले. प्रेषितांनी (सल्ल.) मात्र परवानगी दिली आणि कारण सांगितले की, कदाचित त्यातून त्या दानधर्म किंवा एखादे सत्कृत्य करतील. एकट्या पडलेल्या स्त्रीकडे त्यांनी घेणारी म्हणून नव्हे, तर देणारी म्हणून पाहिले.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामस्थांनी मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. बांगड्या फोडणे, शुभकार्यात मागे ठेवणे या गोष्टींना इस्लाममध्ये आधार नाही. त्या आपल्या घरांत रूढीने शिरल्या असतील, तर त्या काढण्यासाठी आपल्याला ठरावाचीही गरज नसावी.

एकट्याने मुले वाढविणाऱ्या भगिनींनो आणि बंधूंनो, सुरुवात लहान असू द्या. शाळेतील पालकसभा, मोहल्ल्यातील कुरआन वर्ग, बचत गट, एखाद्या आजाऱ्याची विचारपूस, यांपैकी एक दार आधी उघडा. मर्यादा पाळून माणसांत मिसळणे म्हणजे गेलेल्याशी बेइमानी नव्हे. हसणारी आई किंवा हसणारा बाप पाहण्याचा मुलांनाही हक्क आहे.

आप्तांनो, केवळ सहानुभूती पुरेशी नाही. लग्नघरी तिला कोपऱ्यातील खुर्ची देऊ नका, एखादे काम सोपवा. पुनर्विवाहाची इच्छा असल्यास पुढाकार घ्या. सूरह अन-नूरच्या ३२व्या आयतीने एकट्यांचे विवाह लावून देण्याची सूचना समाजालाच केली आहे. आणि येत्या ईदला ईदगाहकडे निघताना एका हाती आपला मुलगा असेल, तर दुसरा हात त्या घरातील मुलासाठी मोकळा ठेवा.