एक अक्षर आणि मलेरिया

उत्क्रांती शिकवताना दर वर्षी कोणीतरी मला अडवतेच. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, निसर्ग दुबळ्यांना गाळतो म्हणता, मग सिकल सेलसारखा रोग इतक्या पिढ्यांत गळून का गेला नाही?" ती मूळची नंदुरबारकडची. तिचा धाकटा भाऊ याच रोगाने गेला, हे मला नंतर कळले. (तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे.)

मी फळ्याकडे वळलो. रोगाचे मूळ एका अक्षराएवढे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते आणि बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सदोष जनुक आईवडील दोघांकडून आले तर रोग; एकाकडूनच आले तर माणूस नुसता वाहक, बहुधा धडधाकट.

आता हिशेब. समजा, एका गावात दहांतले एक जनुक सदोष आहे. मग शंभर मुलांत ८१ निर्दोष, १८ वाहक, १ रोगी. रोगी लहानपणीच दगावतो असे धरा. पूर्वी बहुधा तसेच होई. एवढेच असते तर जनुक पिढीगणिक विरळ होत गेले असते. पण गावात फॅल्सिपेरम मलेरिया आहे. वाहकांच्या तो सहसा जिवावर बेतत नाही. ८१ पैकी ९ जण त्याने गेले, तर उरले ७२ आणि १८. माणसे ९०, जनुके १८०, त्यांत सदोष १८. पुन्हा दहांत एक! आकडे माझ्या सोयीचे, पण पूर्व आफ्रिकेत ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले ते हेच. थॅलेसेमियाबाबत असा तर्क हाल्डेन यांनी १९४९ मध्येच केला होता. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले.

तेव्हा 'दुबळा' हा शब्दच फसवा. त्या गावात मलेरियापुढे दुबळे ठरले ते निर्दोष जनुकवाले. मलेरिया हटला की वाहकांचा फायदा संपतो, पण जनुक लगेच जात नाही. ते वाहकांत लपून राहते.

तास संपल्यावर ती थांबली. "मग मीही वाहक असेन?"

"रोग्याचे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन," मी म्हणालो. "रक्त तपासून घे. नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला चारांत एक धोका."

दिवाळीच्या सुट्टीत तिने तपासणी करून घेतली. वाहक निघाली. म्हणाली, "सर, आई पत्रिका मागते आहे. मी रक्ताचा अहवाल मागणार."