बिऱ्हाडकरू आणि बिलाची वाटणी

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३१:१–७, लेवीय १९:३३–३६, २ थेस्सल. ३:७–९

डिचोली तालुक्यात खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांची मिळकत आटली. पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी खुला झाला आणि नोकरीनिमित्त आलेली माणसे खोल्या विचारू लागली. एकाला चार पैशांचा आधार हवा, दुसऱ्याला निवारा. असा हा दोघांच्या गरजेचा व्यवहार. तो भाड्यावरून सहसा बिघडत नाही, कारण भाडे आधीच ठरलेले असते. बिघडतो तो वीज, पाणी व गॅस यांच्या बिलावरून. या पाठात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

१. बोली आधी व्हावी

याकोब लाबानाच्या घरी राहिला. तो परका नव्हता, भाचा होता. मोबदलाही ठरला होता. तरी लाबानाने तो दहा वेळा बदलला, असे याकोब आपल्या बायकांना सांगतो. नाते होते, पण बोली स्थिर नव्हती. शेवटी याकोब न सांगताच निघून गेला. आपल्याकडेही “घरचाच आहे, पुढचे पुढे बघू” असे म्हणून सुरुवात होते आणि दोन-तीन महिन्यांत मने दुरावतात. म्हणून भाड्यात काय आले व काय नाही, हे खोली देतानाच कागदावर लिहावे व दोघांनी सही करावी.

२. माप खरे असावे

लेवीयच्या १९ व्या अध्यायात परक्यावर जुलूम न करण्याची आज्ञा आणि खऱ्या मापाची आज्ञा लागोपाठ येतात, हे ध्यानात घ्यावे. आज विजेचा मीटर हेच आपले माप आहे. भाड्यात घरधन्याने नफा घ्यावा, ती त्याची मिळकत. पण बिलावर नफा घेणे म्हणजे मापात मारणे होय.

एक उदाहरण घेऊ. घरात चार माणसे व एक बिऱ्हाडकरू आहे. समजा, बिल १,०५० रुपये आले. त्यात वापराचे ९०० व स्थिर आकार १५०. एकूण ३०० युनिटांपैकी खोलीच्या वेगळ्या मीटरवर १०० पडली. तर वापराचा तिसरा हिस्सा ३०० रुपये, स्थिर आकाराचा पाचवा हिस्सा ३० रुपये, मिळून ३३० रुपये त्याने द्यावेत.

गोव्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. बिऱ्हाडकरू आल्यामुळे घर वरच्या टप्प्यात गेले, म्हणून सगळा चढा दर त्याच्या माथी मारू नये. त्यानेही खालचा स्वस्त टप्पा आपलाच समजू नये. सरासरी दर दोघांनाही न्याय्य आहे. वेगळा मीटर नसल्यास उपकरणांवरून अंदाज करावा : २,००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला, तर महिन्याला ३० युनिटे होतात.

पाणी राहिलेल्या दिवसांवर वाटावे. चतुर्थीला तो दहा दिवस गावी गेला, तर ते दिवस वजा करावेत. गॅस जेवणांवर वाटावा. घरातील चौघांची महिन्याची २४० जेवणे आणि त्याची २६, तर गॅसच्या खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा त्याचा.

३. राहणाऱ्याचे कर्तव्य

पौलाला आधार मागण्याचा हक्क होता, तरी तो कोणाचे अन्न फुकट खात नसे. रात्रंदिवस कष्ट करी. बिऱ्हाडकरूनेही घरच्या बाईला दोनदा मागायला लावू नये. बिल दाखवले की त्याच दिवशी पैसे द्यावेत, आणि खोलीबाहेर पडताना पंखा बंद करावा.

४. दया हिशेबानंतर

बिऱ्हाडकरूची नोकरी सुटली, आजार आला, तर काय? सूट अवश्य द्यावी. पण हिशेब पुरा मांडावा आणि मग सूट लिहावी. न मांडलेली सूट घेणाऱ्याला कळत नाही, आणि देणाऱ्याच्या मनात मात्र ती साचत राहते. चोख हिशेबाने प्रेम आटत नाही. संशय तेवढा उरत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. लाबान व याकोब यांचे नाते कशामुळे बिघडले?
२. भाड्यातील नफा व बिलावरील नफा यांत फरक कोणता?
३. आपल्या घरी कोणी राहत असल्यास, गेल्या महिन्याचे बिल आपण त्याला दाखविले काय?