पाटी जुनी, मालक भलताच

आमच्या मनी मांजरीला थायरॉईडच्या गोळ्या आयुष्यभर लागणार होत्या. इथे इंग्लंडमध्ये गावातल्या प्राण्यांच्या दवाखान्याचे दर मला पटेनात, म्हणून दुसरं मत घ्यायला शेजारच्या गावात गेले. वेगळं नाव, वेगळी पाटी, पण दर तेच. घरी दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवली आणि उडालेच. तळाशी बारीक अक्षरात कंपनीचं नाव एकच! म्हणजे दुसरं मतही त्याच मालकाचं. रक्त तपासणारी लॅब त्यांची, रात्री-अपरात्री पाठवतात ते हॉस्पिटलही त्यांचंच. पाटीवरच्या डॉक्टरांनी दवाखाना केव्हाच विकला होता.

जाब विचारला, तर मॅनेजरबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलंच नाहीत." का विचारायचं? पाटीवर डॉक्टरांचं नाव असताना मालक कोण, असं कोण विचारतं? मनीला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंवर माझा राग नाही. त्या पगारी, दर वरून ठरतात.

ब्रिटनमध्ये 1999 मध्ये मालकीवरचं बंधन उठलं आणि डॉक्टर नसलेल्यांनाही दवाखाने घेता येऊ लागले. 2013 मध्ये मोठ्या समूहांकडे साधारण 10 टक्के दवाखाने होते, आता जवळपास 60 टक्के आहेत. कायदा मात्र 1966 चाच. तो डॉक्टरला धरतो, मालकाला नाही. भारतातला 1984 चा कायदाही नोंदणी करतो ती डॉक्टरांचीच. मुंबई-पुण्यात साखळी दवाखाने आलेत, तेव्हा तिथल्यांनीही सावध व्हावं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर आधी कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या 'कंपनीज हाऊस'च्या संकेतस्थळावर दोन्ही दवाखान्यांचे मालक तपासा. फुकट आहे, पाच मिनिटं लागतात. कायमचं औषध असेल तर लेखी प्रिस्क्रिप्शन मागा. त्याचे पैसे घेतात, पण नाही म्हणता येत नाही. ते घेऊन ऑनलाइन फार्मसीतले दर बघा. ती फार्मसीही त्याच समूहाची असू शकते, म्हणून एकीवर थांबू नका. तपासणीआधी खर्च लिहून घ्या, बिलं जपून ठेवा.

पण एकेकट्याने किती पहारा द्यायचा? दवाखान्याचीही नोंदणी व्हावी, मालकाचं नाव पाटीवर डॉक्टरांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात यावं, असा कायदा हवा. मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलंय. इथल्या मराठी मंडळींनो, तुम्हीही लिहा.