कामास हात घालण्याची अडचण व तिचा उपाय

शेतकीच्या पुष्कळशा नुकसानीचें मूळ आपण अज्ञानांत शोधतों. परंतु माहिती असूनहि जीं कामें वेळेवर होत नाहींत, त्यांचा हिशेब मांडला तर तो तोटाहि लहान भरणार नाहीं. बीड जिल्ह्यांत गेवराई तालुक्यांतील उमापूर भागांत कपाशीचें पीक महत्त्वाचें. तेव्हां उदाहरण त्याच पिकाचें घेऊं.

शेवटची वेचणी आटोपल्यावर पऱ्हाट्या काढाव्या, फरदड ठेवूं नये, हें कोणास ठाऊक नाहीं? शेंदरी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत व सरकींत सुप्तावस्थेंत दिवस काढिते. उभी पऱ्हाटी, किंवा बांधावर रचून ठेविलेला तिचा ढीग, म्हणजे ह्या अळीस पुढील हंगामापर्यंत दिलेला आसराच होय. इ. स. २०१७ च्या हंगामांत तिनें महाराष्ट्रांत कपाशीची केवढी नासाडी केली, हें सर्वांस माहीत आहे. बी. टी. कपाशींतील विषास ती आतां दाद देत नाहीं. म्हणूनच डिसेंबरअखेर शेत मोकळें करण्याची शिफारस केली जाते. असें असतां पऱ्हाट्या महिना महिना उभ्या राहतात. मजूर मिळत नाहींत, यंत्र मिळत नाहीं, हीं कारणें पुष्कळदां खरीं असतात. परंतु ज्या दिवशीं तीं नसतात, त्या दिवशींहि मनुष्य बांधापर्यंत जाऊन परत येतो, हें आपण कबूल केलें पाहिजे.

ह्यास आळस म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्यानें उपाय सांपडत नाहीं. खरी अडचण कामांत नसून आरंभांत असते. कष्ट आजचे आणि फळ सहा महिन्यांनंतरचें, शिवाय सगळें शेत एकदम डोळ्यांपुढें येतें. म्हणून मन मागें सरतें. हा स्वभाव एकट्या आपल्याच शेतकऱ्याचा नव्हे. आफ्रिकेंतील केनिया देशाच्या पश्चिम भागांत डुफ्लो, क्रेमर व रॉबिन्सन ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची पाहणी करून इ. स. २०११ मध्यें ती प्रसिद्ध केली. खत फायद्याचें असूनहि पुष्कळ शेतकरी तें घेत नसत. सुगीच्या वेळीं 'पुढें घेऊं' म्हणत, आणि पुढें पैसा उरत नसे. सुगी होतांच थोड्या मुदतींत पैसे भरल्यास खत घरपोंच फुकट मिळेल, एवढी सोय करितांच खत वापरणारे पुष्कळ वाढले. ऐन वापराच्या वेळीं बरीच मोठी सूट देऊन जें साधतें, तें ह्या लहानशा सोयीनें साधलें.

ह्यावरून घरच्या घरीं करण्यासारखे चार उपाय असे:

१. आरंभ लहान करावा. 'पांच एकर' असें न म्हणतां 'आज दोन ओळी' असें म्हणावें. मन लागण्याची वाट न पाहतां हात लावावा. हात लागला कीं मन बहुधा मागून येतें.

२. कामाची वेळ नित्याच्या एखाद्या कामास बांधावी. 'सकाळीं करीन' हें पुरेसें नाहीं; 'बैलांस वैरण टाकून होतांच विहिरीकडील कोपऱ्यांत जाईन' असें ठरवावें. जेव्हां अमुक होईल तेव्हां तमुक करीन, असा संकल्प अधिक पार पडतो, हें गोल्विट्झर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञानें इ. स. १९९९ च्या निबंधांत दाखविलें आहे.

३. तयारी आधीं करावी. कुदळ व पाण्याची कळशी रात्रींच दाराशीं ठेवावी. यंत्रानें पऱ्हाटी काढावयाची असल्यास, कापसाचे पैसे हातीं येतील त्याच दिवशीं यंत्रवाल्यास विसार देऊन तारीख पक्की करावी. केनियाचा धडा तो हाच.

४. रोजची नोंद ठेवावी. कामगंध सापळे हेक्टरीं ५ लावितात, आणि लागोपाठ ३ रात्रीं दर सापळ्यांत सरासरी ८ पतंग सांपडले म्हणजे उपाय योजावयाचा असतो. मोजणी अगदीं थोड्या वेळाची. परंतु एक सकाळ चुकली कीं तीन दिवसांची सांखळी तुटते व इशारा वेळेवर मिळत नाहीं. दिनदर्शिकेवर आंकडा लिहिण्याची संवय लागली कीं मोकळा चौकोनच आपणांस शेतांत पाठवितो.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. पूर्वी कामसू असलेला मनुष्य पंधरा-पंधरा दिवस अंथरुणावरून उठूं इच्छीत नसेल, त्याची झोंप व अन्न तुटलें असेल, बोलणें निराशेचें झालें असेल, तर तो आळस नव्हे. तो आजार असूं शकतो. अशास टोंचून बोलूं नये. त्यास एकटें न सोडतां डॉक्टरांकडे न्यावें. इ. स. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर टेलिमानस नांवाची सरकारी मोफत दूरध्वनि-सेवा अहोरात्र सुरू आहे. तेथें मराठींतहि बोलतां येतें. आपल्या जिल्ह्यानें दुष्काळ व कर्ज ह्यांपायीं किती घरांतील कर्ता पुरुष गमावला, हें आठवून प्रत्येकानें शेजाऱ्याच्या उंबऱ्याकडे लक्ष ठेवावें.

सारांश, उत्साह हा कामाचा बाप नसून बहुधा त्याचें लेंकरूं असतो. वाचकांनीं हा अंक खालीं ठेवितांच राहून गेलेलें एकच काम निवडावें, त्याची पहिली पायरी ठरवावी, आणि तिला लागणारें हत्यार आज रात्रीं दाराशीं ठेवावें. उद्यांचें उद्यां पाहूं. आज एवढें पुरे आहे.