इंग्रजी सर्वनामांचा पाठ : मुलांच्या चुकांचे मूळ

मुरुडच्या किनाऱ्यावरील मुलाच्या बोलण्यात होडी ‘ती’, मचवा ‘तो’ आणि गलबत ‘ते’ असते. त्यात ते मूल कधी चुकत नाही. इंग्रजीच्या तासाला तेच मूल होडीस ‘शी’ व मचव्यास ‘ही’ म्हणते, तेव्हा वहीत तांबडी खूण पडते आणि ‘व्याकरण कच्चे’ असा शेरा मिळतो. वास्तविक त्याने व्याकरणच पाळलेले असते. मात्र ते मराठीचे. महाराष्ट्रात सन २०००-०१ पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीस आरंभ होत असल्याने हा प्रसंग फार कोवळ्या वयात येतो, आणि त्या वयातील शेरा मूल सहसा विसरत नाही.

मराठीतील मूळ नऊ सर्वनामांपैकी तो, हा व जो ही तीनच लिंगानुसार बदलतात, आणि ती नामाचे लिंग घेतात, मग ते नाम निर्जीव वस्तूचे का असेना. नारळ तो, सुपारी ती, जाळे ते. इंग्रजीत पुरुषास ‘ही’, स्त्रीस ‘शी’, आणि वस्तूस, बहुधा प्राण्यासही, ‘इट’. (इंग्रज खलाशी जहाजास ‘शी’ म्हणत आले आहेत; पण तो अपवाद प्राथमिक वर्गात काढू नये.) याकरिता सर्वनामांचा तक्ता पाठ करून घेण्यापूर्वी वाडीतील व बंदरावरील दहा-बारा वस्तूंची नावे फळ्यावर लिहावीत, मुलांकडून त्यांची ‘तो, ती, ते’ वदवून घ्यावीत, आणि मग त्या सर्वांपुढे एकच ‘इट’ लिहावे. भेद डोळ्यांना दिसला की निम्मे काम झाले.

संबंधदर्शक रूपांत अडचण अधिक खोल आहे. ‘त्याची बहीण’ या रूपात मालकाचे लिंग आरंभी आणि बहिणीचे लिंग शेवटी आहे. मराठी कान शेवटाकडे असतो. ‘ची’ ऐकताच मूल ‘हर सिस्टर’ म्हणून मोकळे होते. इंग्रजीतील ‘हिज’ व ‘हर’ केवळ मालकाकडे पाहतात. येथे नियम सांगून उपयोग नाही. एक मुलगा व एक मुलगी वर्गापुढे उभी करून प्रत्येकाचा भाऊ व प्रत्येकाची बहीण अशी चारही वाक्ये तोंडी म्हणवून घ्यावीत. वाक्य म्हणताना मुलांनी मालकाकडे बोट दाखवावे.

क्रियापदाची गोष्टही अशीच. ‘जातो’ म्हटले की कर्ता पुल्लिंगी आहे हे कळते, ‘जाते’ म्हटले की निराळे कळते. म्हणून मराठीत सर्वनाम गाळले तरी चालते. इंग्रजीत ‘ही गोज’ आणि ‘शी गोज’ यांत क्रियापद एकच राहते. लिंगाचा सारा भार सर्वनामावर असल्याने ते गाळता येत नाही.

आणखी एक कारण क्षुल्लक वाटते, पण वर्गात फार त्रास देते. ते म्हणजे उच्चारसाम्य. इंग्रजी ‘ही’ पुरुषवाचक, तर मराठी ‘ही’ स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘ही मुलगी’ म्हणणारे मूल मुलीसाठी इंग्रजी ‘ही’ वापरते. इंग्रजी ‘मी’ कर्माच्या जागी येते, मराठी ‘मी’ कर्त्याच्या. ‘मी गो’ हे वाक्य तेथूनच जन्मते. ही जोडशब्दांची यादी शिक्षकाने स्वतःच्या टाचणवहीत ठेवावी आणि त्या शब्दांचा सराव वेगळा घ्यावा.

गुरुजींविषयी ‘ते आले’ म्हणण्याचा संस्कार झालेले मूल एका व्यक्तीस ‘दे’ म्हणेल. तेव्हा त्याच्या आदरबुद्धीस धक्का न लावता इंग्रजीत हा आदर सर्वनामातून दाखवीत नाहीत एवढेच सांगावे. ‘आम्ही’ व ‘आपण’ या दोहोंसाठी इंग्रजीत एकच ‘वुइ’ आहे. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे संदर्भावरून ठरते. हा भाग वरच्या इयत्तांसाठी राखून ठेवण्यास हरकत नाही.

वह्या तपासताना चुकीच्या सर्वनामाशेजारी मुलाच्या मनातील मराठी वाक्य पेन्सिलीने लिहावे. महिनाभरात त्याच त्या चार-पाच वाक्यांची पुनरावृत्ती दिसू लागते, आणि पुढील पाठ कोणता घ्यावा हे त्यावरून ठरविता येते.